वळसा नावाचा खेळ

प्रिय गौतम,

जय भीम.

आधी खाली बस. मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि या खेपेला "बाई, जाऊ दे ना" म्हणून उठून जाता येणार नाही तुला.

तुला जाऊन अजून हा उन्हाळासुद्धा सरला नाही. जलदान विधीला अर्धं पुलगाव लोटलं होतं. तुझे विद्यार्थी, त्यांची पोरं, बाजारातला तुझा चहावाला, सगळे आले होते. जो तो सांगे, गौतम सरांच्या पोटात काही राहत नसे, मनात आलं की लगेच ओठावर. मीही मान हलवली. मला वाटलं, खरंच आहे, माझ्या भावाला कुठं काही लपवता येतं! चिंचा चोरल्या तरी घरी येऊन सांगून टाकणारा पोरगा तो.

कसली मान हलवत होते मी! मंगळवारी तुझ्या मोबाइलवर, तो आता माझ्याकडंच असतो, पुण्याहून एका मुलाचा फोन आला आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तू गेल्याचं कळलं तेव्हा मी रडले तरी. या वेळेला रडणंसुद्धा सुचलं नाही. नुसती बसून राहिले. गॅसवर दूध उतू गेलं, खाली ओट्यावर सांडलं, तरी उठले नाही. तनू कॉलेजातून आली आणि घाबरलीच. तिला वाटलं, आजीला काहीतरी झालं. म्हणून लिहायला बसले आहे. बोलायला तू नाहीस, आणि हे भांडण दुसऱ्या कोणाशी करता येण्यासारखं नाही.

मुलाचं नाव ओंकार. बोलणं एकदम स्वच्छ, परीटघडीचं. "गौतम सरांचा नंबर आहे का हा?"

"होता," मी म्हटलं. "ते आता नाहीत. मी त्यांची मोठी बहीण. यशोदा."

तो अगदी हळू म्हणाला, "आजी, मला फार उशीर झाला. आम्ही किती दिवसांपासून शोधत होतो त्यांना. तुम्हाला त्यांचा 'वळसा' माहीत आहे का?"

मी म्हटलं, "वळसा म्हणजे वळसा. त्यात काय माहीत असायचं?"

तर तो म्हणाला, वळसा हा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. भूलभुलैयाचा. जुन्या घरगुती कॉम्प्युटरसाठी गौतम सरांनी तयार केला होता, इंग्लंडातल्या एका मासिकाकडं पाठवला होता आणि त्या मासिकानं तो छापला होता. खाली तुझं नाव, आणि पुलगाव, इंडिया. तिकडची पोरं मासिकात पाहून पाहून तो आपल्या मशीनवर उतरवून घेत आणि खेळत. आणि आज इतक्या वर्षांनीसुद्धा, म्हणाला, जगात कुठं कुठं बसलेले लोक तो खेळतात, त्यावर वाद घालतात. असा विचित्र भूलभुलैया दुसरा नाही म्हणे!

गौतम! इंग्लंडात छापून आलं आणि घरात कोणाला सांगितलं नाहीस? वस्तीतल्या पोराचं नाव गावच्या बोर्डावर लागलं तरी पेढे वाटणारे लोक आपण! माय तेव्हा होती, बा होते. बांनी तर ते मासिक फ्रेम करून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावलं असतं.

मग मला ते यंत्र आठवलं. तुझा मित्र परदेशातली नोकरी सोडून परतला तेव्हा तुझ्या गळ्यात मारून गेला होता ते. काळं, चपटं, रबराच्या बटणांचं. त्याला टीव्ही जोडायचा, टेपरेकॉर्डर जोडायचा आणि एका बोटानं टकटक करत बसायचं. आम्हाला वाटे, गणिताच्या मास्तरला गणितंच करायचं नवीन साधन मिळालं. रविवारी शेजारच्या बायापोरी टीव्ही पाहायला येऊन बसत आणि टीव्हीवर तुझ्या नुसत्या रेघा! माय ओरडायची, "गौतम, लोकं आले ना रे! सोड ना ते डबडं!" आणि तू म्हणायचास, "थांब वं माय, एवढं टेपवर घेऊ दे. लाईन गेली तर सगळं पुसून जाते."

आणि लाईन जायचीच. पुलगावची लाईन ती! तू "गेलं!" म्हणून कपाळावर हात मारायचास आणि लाईन आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला तुझी दया यायची आणि रागही यायचा. वाटे, पोट्ट्याचं लग्नाचं वय निघून चाललं आणि हा रेघा ओढून राह्यला. एकदा तर माय तुझी दृष्ट काढायला निघाली होती आणि बा तिच्यावर असे ओरडले होते, "हे सोडलं ना आपण? का पुन्हा धरायचं आहे?" ती बिचारी मीठ-मिरच्या घेऊन तशीच आत गेली.

ती जयंती आठवते का तुला? मी वर्ध्याहून आले होते. आदल्या दिवसापासून भोंगा बांधलेला, भीमगीतं चालू, पोरं निळे झेंडे लावत होती. कोणीतरी आपल्या घरून कॅसेटींची पिशवी उचलून नेली आणि त्यातली तुझी कॅसेट लावली. बाप रे! काय ती किंकाळी! करकर, चरचर, कान फुटतील असं. बाया कानात बोटं घालून घराबाहेर आल्या. मंडपातला म्हातारा ओरडला, "बंद करा रे, मशीन जळून राह्यली!" आणि तू अंगावर बनियन, तोंडाला दाढीचा साबण, तसाच धावत सुटला होतास. आपण पोट धरधरून हसलो होतो. मी तुला चिडवलं, काय रे, ही कसली गाणी ऐकतोस? तर तू म्हणालास, "बाई, ती किंकाळी नाही. त्यात रस्ता ठेवला आहे मी."

मी त्यावरही हसले होते. मला वाटलं, नेहमीची मास्तरची थट्टा.

आता ऐक. बुधवारी दुपारी तनूनं तिच्या लॅपटॉपवर तो खेळ उघडला. ओंकारनं पाठवला होता. आजकालच्या लॅपटॉपला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावता येतं म्हणे. मी आपली बाजूला भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. चष्मासुद्धा लावला नव्हता.

काळा पडदा, पांढऱ्या रेघा. सगळं वरून पाहिल्यासारखं. खालच्या कोपऱ्यात दोन ठिपके, एक मोठा आणि एक लहान. मोठ्याच्या डोक्यावर एक चौकोन. तनू म्हणाली, "आजी, मजा आहे बघ. मोठा ठिपका आपण चालवायचा, लहान आपोआप मागून येतो. आपण फार पुढं गेलो तर तो घाबरून थांबतो. मग मागं फिरून त्याला घ्यावं लागतं. असं कोणत्याच गेममध्ये नसतं."

पडद्याच्या मधोमध एक रुंद, सरळ गल्ली होती. कुठं भिंत नाही, अडथळा नाही. तनूनं साहजिकच मोठा ठिपका त्या गल्लीत घातला. तो चालत गेला, काही झालं नाही. पाठोपाठ लहान ठिपका गल्लीत शिरला आणि पडदा एकदम कोरा! दोघं पुन्हा खालच्या कोपऱ्यात.

"हीच ती चूक," तनू म्हणाली. "गल्ली उघडी दिसते, एकाला जाऊ देते, दुसऱ्याला नाही. सरळ दिसतंय की प्रोग्राम चुकला आहे. लोक कधीपासून यावरच भांडत आहेत."

मग तिनं बाहेरून जाणारी वाट धरली. अरुंद, वाकडीतिकडी. एका ठिकाणी फाटा आला. ती उजवीकडं वळवायला लागली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "उजवीकडं नको वं, तिकडं कुत्रं आहे!"

तनू हसली. "इथं कुठलं कुत्रं, आजी?" आणि तेवढ्यात उजवीकडून काहीतरी लुकलुकतं धावून आलं. तिनं घाबरून बटणावरचे हातच काढले. पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुला कसं माहीत?"

मला कसं माहीत! माझ्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या होत्या. मी चष्मा शोधला, लावला, पडद्याजवळ गेले. म्हटलं, "डावीकडं घे. आता नाल्याची उतरण येईल." आली. "मग बाभळी." आल्या, काटेरी ठिपके ठिपके. "मग एक जागा येईल, तिथं पाय हळू टाकावा लागतो." तिथं दोन्ही ठिपके खरंच हळू चालायला लागले, गौतम. अगदी तसेच, जपून, पाय उचलून.

मी तनूला म्हटलं, "बंद कर."

काऊन रे गौतम? काऊन केलं असं? मला वाटलं होतं तू विसरलास! तू एवढासा तर होतास. पहिलीत. नाकातला शेंबूड पुसायची अक्कल नव्हती तुला. मी कधी विषय काढला नाही, कारण मला वाटलं लहान होता, विसरला, बरं झालं. तू कधी काढला नाहीस, म्हणून माझी खात्रीच पटली. आयुष्यभर आपण राखीपासून राजकारणापर्यंत सगळं बोललो, पण त्या वाटेबद्दल चकार शब्द नाही. आणि तू ती पूर्ण वाट, एक एक वळण, एक एक बाभूळ उचलून यंत्रात घातलीस, कॅसेटवर चढवलीस, विमानानं इंग्लंडला पाठवलीस! साऱ्या जगाला सांगितलंस. मला नाही!

आणि आता कळतं. जयंतीच्या दिवशी भोंग्यावर जे वाजलं ते तेच होतं. आपल्या जुन्या गावची ती वाट पुलगावच्या अख्ख्या वस्तीला मोठ्यानं ऐकू गेली होती आणि आपण सगळे हसत होतो.

तनूला सगळं सांगावं लागलं. तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. ती आज आपल्या त्या जुन्या गावी गेली तर ग्रामपंचायतीत खुर्ची देतात. आपल्याच वस्तीतली पोरं त्या मोठ्या गल्लीतून मोटारसायकली उडवत जातात. तिला मी कुठून सुरुवात करून सांगू?

सांगितलं मग. म्हटलं, दीक्षा घेतल्यावर तुझ्या पणज्यानं गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. वस्तीतल्या सगळ्याच बाप्यांनी सोडलं. मग गावानं ठरवलं, तुमचं काम बंद तर आमची वाट बंद. आपली वस्ती एका टोकाला, शाळा दुसऱ्या टोकाला, आणि मधून जाणारी मोठी गल्ली मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, दारावरून. कागदावर शाळा सगळ्यांची होती. मास्तरनं नाव घातलं होतं गौतमचं. पण गल्लीतून जायचं नाही. वस्तीतलं पोरगं पाटी घेऊन दिसलं की पोट्टे दगड घेऊन तयारच असायचे. मोठी माणसं ओसरीवरून पाहायची आणि पान थुंकायची.

"मग मोठा ठिपका कसा जातो?" तनूनं विचारलं.

कसा जातो! कारण त्याच्या डोक्यावर शेणाची टोपली आहे, बाई! मालगुजाराच्या मालकिणीला गोठा साफ करायला, गोवऱ्या थापायला पोरगी लागत होती. ढोरं ओढायला माणूस मिळाला नाही तर त्यांनी भांडण केलं, पण शेण काढायला कोण येणार? तेवढ्यापुरती वाट उघडी. डोक्यावर टोपली असली की मी त्या गल्लीतून खुशाल चालत जावं, कोणी हूं की चूं करत नसे. शेण चालत होतं त्यांना. पाटी चालत नव्हती.

आणि तुझी पाटी कुठं होती, तुला आठवतं ना? त्याच टोपलीत. खाली पाटी, वर पळसाची पानं, वर शेण. तू मोकळ्या हातानं माझ्या मागं. कोणी हटकलं तर मी शेण वेचायला चालले आणि भाऊ सोबतीला आहे. तुला गल्लीतून नेता येत नसे म्हणून मीही वळसा घेई. नाला, बाभळी, गोदरी, मग शाळेची मागची बाजू. शाळेच्या भिंतीशी पाटी काढून नाल्यातल्या पाण्यानं ओल्या केलेल्या फडक्यानं पुसून तुझ्या हातात द्यायची. तू ती हुंगून पाहायचास आणि तोंड वाकडं करायचास. मला इतका राग यायचा! म्हणायची, "नखरे नको करू, जा आत."

तनू रडायला लागली. मी नाही रडले. मला अजून धक्काच पचला नव्हता.

गुरुवारी ओंकारचा पुन्हा फोन. मी त्याला विचारलं, बाबा, तुम्हाला नेमकं काय पाहिजे? तर ते लोक वळसा नव्यानं काढणार आहेत. नवे रंग, नवं सगळं. त्यासाठी वारस म्हणून माझी परवानगी पाहिजे. "आणि आजी, सरांच्या हातून दोन चुका राहून गेल्या आहेत, त्या आम्ही दुरुस्त केल्या आहेत," मोठ्या आनंदानं म्हणाला. "त्यांच्या स्मृतीसाठी."

मी म्हटलं, "कोणत्या चुका?"

"एक म्हणजे ती मधली गल्ली. लहान ठिपक्याला ती भिंत समजते. आम्ही ती मोकळी केली. दुसरी शेवटी आहे. दलदल ओलांडून पुढं गेलं की..."

"कोणती दलदल?"

"ती हळू चालायची जागा. सगळे त्याला दलदल म्हणतात."

"दलदल नाही ती. गोदरी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे गाव जिथं सकाळी डबा घेऊन बसते ती जागा!"

तो चाचरत म्हणाला, "आजी, आम्ही तिथं कमळं टाकली आहेत."

हसू नकोस, गौतम! मला हसू आलं आणि त्याच वेळी असं वाटलं की कोणीतरी मुस्काटात मारली. पोरगा वाईट नाही रे. सरळ मनाचा आहे. त्यानं विचारलं असतं तर कोणी सांगितलं असतं? तू तर नाहीच सांगितलं.

त्याचा तो दुरुस्त केलेला खेळ मी शनिवारी पाहिला. तुला खोटं सांगणार नाही. तनूनं मोठा ठिपका गल्लीत घातला, आणि मागून लहान ठिपका शिरला, आणि काही झालं नाही. तो चालतच राहिला. भर मधून! मालगुजाराच्या दारावरून, देवळाच्या पारावरून, ताठ. मी तनूचा दंड धरला होता, तिला नंतर वळ दिसले. क्षणभर मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की काय सांगू. माझा भाऊ मोठ्या गल्लीतून शाळेत चालला होता. चुटकीसरशी पोचलेही ते.

आणि मग वर अक्षरं आली. अभिनंदन!

कोणाचं अभिनंदन? कशाबद्दल? इतकं सोपं होतं? एक ओळ पुसली आणि गल्ली मोकळी? मग आम्हाला का नाही कोणी पुसून दिली ती? मी लॅपटॉपवरच ओरडले. तनू म्हणाली, आजी, बीपी वाढेल. म्हटलं, वाढू दे!

पण दुसऱ्या चुकीचं ऐकायचं राहिलंच होतं माझं. मी तनूला म्हटलं, तुझ्या मामाआजोबानं केलेला मूळ खेळ लाव आणि शेवटपर्यंत ने. तिनं नेला. कुत्र्यापासून लांब, नाल्याची उतरण, बाभळी, गोदरी. शाळेचं दार आलं. लहान ठिपका मोठ्याच्या बाजूनं पुढं गेला आणि दारातून आत नाहीसा झाला.

मोठा ठिपका दारात उभा. तनूनं हे बटण दाबलं, ते दाबलं. हलेना. "इथं गेम अडकतो," ती म्हणाली. "पुढं काहीच होत नाही. कितीही वेळ थांबलं तरी ती तिथंच." ठिपक्याला ती 'ती' म्हणायला लागली होती.

गौतम, मी खरी हादरले ना, ती इथं. ती वाट पाहून नाही, ती गल्ली पाहून नाही. डोक्यावर रिकामी टोपली घेऊन दाराबाहेर उभ्या असलेल्या त्या ठिपक्याला पाहून. तुझ्या मनात मी अशी होते? तू शाळा शिकलास, मॅट्रिक झालास, मास्तर झालास, पेन्शनीत निघालास, आणि एवढा सगळा काळ तू मला तिथं दारात उभं ठेवलं होतंस? म्हणून दर दिवाळीच्या सुट्टीत नवीन पुस्तकं घेऊन यायचास का? म्हणून मला सातवीच्या परीक्षेला बसवायला माझ्या सासूशी भांडलास का? मी अंगणवाडीत लागले तेव्हा तू तेव्हाच्या तुझ्या देवळीच्या शाळेतून सायकल मारत आला होतास आणि माझ्यापेक्षा जास्त रडला होतास. मला कळलंच नव्हतं, एवढं रडायला काय झालं या पोराला.

वेडा कुठला! एकदा विचारायचं तरी होतंस! तू आत गेलास की मी काय तिथं भिंतीला टेकून अश्रू गाळत होते? मला काय कामं नव्हती? तू वर्गात बसलास की मी त्याच मोठ्या गल्लीतून, भर मधून, टोपली हलवत परत जायची. एकटी. राणीसारखी! गोठा उरकायचा, मालकिणीच्या नजरेआड कैऱ्या पाडायच्या, नाल्यात पाय सोडून बसायचं. त्या लाल कुत्र्याला मी भाकरीचा तुकडा टाकून टाकून गप्प करायला शिकवलं होतं. होय, शाळेत जावंसं वाटायचं. कोणाला वाटणार नाही? आतून तुम्हा पोरांचा पाढ्यांचा आवाज आला की मीही चालता चालता तो पाढा म्हणायची. पण मी उभी राहिले नव्हते रे. मी चालत होते. तू आत होतास, तुला दिसलं नाही एवढंच. आणि तू मनात हे असं घेऊन बसलास, आणि त्याचं ओझं माझ्यापासून लपवून एकटा वाहिलंस. हसतमुख सर म्हणे!

काल रविवारी मी ओंकारला फोन लावला. स्वतः. सगळं सांगितलं, दीक्षेपासून टोपलीपर्यंत. सगळं ऐकून तो म्हणाला, "आजी, मला लाज वाटते आहे. मग आता तुम्ही सांगाल तसं करू."

मी म्हटलं, "ती गल्ली होती तशी ठेवा. त्यात माझ्या भावाचं काही चुकलं नाही. चुकलं होतं ते गावाचं. तुमच्या रंगीत खेळात ते पोरगं त्या गल्लीतून गेलं तर खेळणाऱ्यांना वाटेल, रस्ता पहिल्यापासून मोकळाच होता. कमळं काढा. आणि अभिनंदन पुसून टाका."

"हो, आजी. म्हणजे आम्ही काहीच बदलायचं नाही."

"एक बदलायचं," मी म्हटलं. "शेवटी ती दारात उभी राहते ना, तिला हलू द्या. तिला मागं फिरता आलं पाहिजे. मोठ्या गल्लीतून सरळ घरी जाता आलं पाहिजे."

तो अडखळला. "पण आजी, सरांनी तसं केलं नव्हतं. मूळ गेममध्ये ते नाही."

"सरांना ठाऊक नव्हतं," मी म्हटलं. "सर वर्गात होते."

तो हो म्हणाला. करतो म्हणाला. पुढच्या महिन्यात पाठवतो म्हणाला. मी त्याला म्हटलं, कधी वर्ध्याला आलास तर सिंदी मेघेला ये, झुणका-भाकर खाऊन जा.

तर असं आहे सगळं. भांडण झालं माझं. अजून राग गेला नाही, पण जाईल. एकच सांगायचं राहिलं. ती ठिपक्याची पोरगी घरी का चालली आहे हे मी त्या मुलाला सांगितलं नाही, तुला सांगते. तिला गोठा उरकायचा असतो, माय वावरातून यायच्या आत भाकरी टाकायच्या असतात, सगळं हातावेगळं करायचं असतं. कारण शाळा सुटली की तिला परत यायचं असतं. रोज यायची ना मी? एक दिवस तरी चुकवला का?

आताही चुकवणार नाही, आपल्या घरच्या बोलीत शब्द देतो तुले. माझं इथलं थोडं काम बाकी आहे. तनूची परीक्षा आहे, घराचा एक कोपरा गळून राह्यला, तो पाहायचा आहे. ते झालं की निघतोच. तू एकटा निघू नको, पोट्ट्यांच्या मागं धावू नको. दारातच थांबजो. मी येतो तुले न्यायले.

तुझी बाई
सिंदी मेघे, वर्धा